पॅरा-क्लोरोनायट्रोबेन्झीन: पॅलॅडियम क्लोरीनही काढतंय. कपाटातलं जुनं रेनी निकेल वापरू का?

ऋजुता_एमएस्सी

नमस्कार. मी सेंद्रिय रसायनात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पॅरा-क्लोरोनायट्रोबेन्झीनपासून पॅरा-क्लोरोॲनिलीन करायचंय, पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच अवलंबून आहेत.

आतापर्यंत १० टक्के पॅलॅडियम-कार्बन (कार्बनच्या पुडीवर बसवलेला पॅलॅडियम धातू) वापरलं. फ्लास्कमध्ये मिथेनॉल घेते, त्यात पदार्थ विरघळवते, वरून कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) टाकते, हायड्रोजनचा फुगा लावते आणि रात्रभर ढवळत ठेवते. सकाळी टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या डागांत दाखवणारी पट्टी) नायट्रोचा डाग पूर्ण गेलेला असतो, पण खाली एकाऐवजी दोन डाग येतात. शेजारी शुद्ध ॲनिलीन लावून पाहिलं तर त्यातला एक तिच्याशी जुळला. एनएमआरमध्येही (रेणूतले हायड्रोजन ओळखणारी चाचणी) क्लोरो नसलेल्या रिंगचे प्रोटॉन दिसतात. म्हणजे नायट्रोबरोबर क्लोरीनही निघून जातोय.

गाइड म्हणाले, रेनी निकेल (निकेलची पोकळ्यांनी भरलेली बारीक पूड, पाण्याखाली ठेवतात) वापरून बघ. आमच्या स्टोअरच्या कपाटात एक तपकिरी बाटली सापडली आहे. लेबल जवळजवळ पुसलेलं, आत राखाडी गाळ, वर पाणी अगदी थोडं, आणि झाकणाच्या आट्यांजवळ काळपट कोरडी पपडी धरलेली. एक सीनियर म्हणाला, "गाळ काढ, गाळणकागदावर घे, ओव्हनमध्ये वाळव आणि नीट वजन करून वापर, नाहीतर किती टाकलं ते थिसिसमध्ये लिहिणार कसं?"

माझे प्रश्न असे. ही बाटली चालेल का? वजन कसं करायचं? निकेलने क्लोरीन खरंच टिकतो का? आणि निकेलची पट्टी हायड्रोजनमध्ये धरली तर काहीच होत नाही, मग त्याच धातूची पूड इतकी वेगळी का वागते? पुस्तकात "पृष्ठफळ वाढतं" एवढंच एक वाक्य आहे.

मेघना_लायपझिग

ऋजुता, पॅलॅडियमचं हे नेहमीचं आहे. कार्बन-हॅलोजन बंध तोडण्यात ते तरबेज असतं. आयोडीन सर्वांत आधी जातो, मग ब्रोमीन, मग क्लोरीन. फ्लोरीन बहुधा राहतो. तुझ्या रिंगवर अमाइन तयार झालं की त्याचा बेस म्हणून उपयोग होतो आणि क्लोरीन निघणं आणखी सोपं होतं. त्यात तू रात्रभर ठेवतेस. नायट्रो बहुधा पहिल्या काही तासांतच संपलेलं असतं, उरलेली रात्र पॅलॅडियम क्लोरीनवर काम करत बसतं. म्हणून आधी दर अर्ध्या तासाने टीएलसी घेऊन पाहा.

उद्योगात हॅलोजन टिकवायचा असेल तर कार्बनवरचं प्लॅटिनम वापरतात, त्यातही गंधकाने मुद्दाम थोडं मंदावलेलं. त्याला तापमान आणि दाब जास्त लागतो, फुग्यावर भागत नाही. प्लॅटिनमबरोबर थोडं मॉर्फोलीन घालण्याचीही पद्धत आहे.

आणि अगदी साधा मार्ग: लोखंडाची पूड, अमोनियम क्लोराइड, पाणी-इथेनॉल, रिफ्लक्स (म्हणजे उकळत ठेवायचं, वाफ थंड होऊन परत आत पडते). क्लोरीन जागेवर राहतो. दोन-पाच ग्रॅमसाठी मी तरी हेच करेन.

लोटेकर

ऋजुता, बाकीचं सावकाश वाच, आधी एवढं कर. ती बाटली उघडू नकोस, झाकण पिळून बघू नकोस, आणि ओव्हनचा विचार पूर्ण सोड. सीनियरलाही आजच सांग. कोरडं रेनी निकेल हवा लागताच पेटतं. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. ओव्हनमध्ये ते वाळेल आणि दार उघडून हवा आत गेली की लाल होईल. शेजारी कोणाची ॲसिटोनने धुतलेली काचेची भांडी वाळत असतील तर पुढचं सांगायला नको.

झाकणाच्या आट्यांतली ती काळपट पपडी हाच त्या बाटलीतला सर्वांत धोक्याचा भाग आहे. पाण्याखालचा गाळ तसा शांत असतो. पपडी वाळलेली असते, झाकण फिरवलं की घासली जाते आणि तिथेच हवा मिळते. शिवाय पाण्याखाली असतानाही निकेल हळूहळू हायड्रोजन सोडत राहतं, म्हणून घट्ट बंद बाटलीत दाब धरलेला असू शकतो. बाटली उभी, सावलीत, सॉल्व्हंटपासून लांब ठेवा, विभागप्रमुखांना लेखी कळवा आणि घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या. आपल्याकडे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशा कचऱ्याची केंद्रं आहेत. काम करायला नवीन बाटली मागवा. इतकी वर्षं पडून राहिलेल्या निकेलमध्ये तसाही जोर उरलेला नसतो. पेटण्यापुरता उरतो, कामापुरता नाही.

मी खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत हायड्रोजनेशनच्या (हायड्रोजन जोडण्याच्या) प्लँटवर उभी नोकरी केली. आधी शिफ्ट केमिस्ट, मग प्लँट इन्चार्ज. रेनी निकेल आणि पॅलॅडियम दोन्ही हाताखालून गेली. त्यामुळे तुझ्या प्रश्नांची उत्तरं मी प्लँटवरच्या क्रमाने देतो.

आधी वजन. रेनी निकेलचं वजन कधीही वाळवून करत नाहीत, पाण्यातच करतात. एक मापखूण असलेला फ्लास्क घे. खुणेपर्यंत पाणी भरून वजन कर. मग त्यातलं थोडं पाणी ओतून निकेलचा गाळ आत घे, पुन्हा खुणेपर्यंत पाणी भर आणि वजन कर. दोन वजनांतल्या फरकाला १.१७ ने गुण. निकेलने स्वतःच्या घनफळाएवढं पाणी बाजूला सारलेलं असतं आणि या सांगाड्याची घनता पाण्याच्या साधारण ७ पट धरतात, त्यामुळे सात भागिले सहा हा आकडा येतो. समजा नुसत्या पाण्याचा फ्लास्क १८०.० ग्रॅम आणि निकेलसह १८८.६ ग्रॅम भरला. फरक ८.६, म्हणजे निकेल जवळपास १० ग्रॅम. थिसिसमध्ये पद्धत अशीच लिही. परीक्षकांना कळेल की तू हा पदार्थ ओळखून हाताळलास.

आता पट्टी आणि पूड. एक सेंटिमीटर बाजूचा निकेलचा घन घे. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत चिरला तर पृष्ठफळ होतं ६०० चौरस मीटर, म्हणजे दोन टेनिस कोर्टांहून जरा मोठंच. ग्रॅममागे साधारण ६७ चौरस मीटर. ताज्या रेनी निकेलचं पृष्ठफळ ग्रॅममागे १०० चौरस मीटरच्या आसपास असतं. पण तुझं म्हणणं बरोबर आहे, नुसतं "वाढतं" म्हणून भागत नाही. पट्टीच्या अंगावर ऑक्साइडचा थर बसलेला असतो, हायड्रोजनला खालचा उघडा धातू भेटतच नाही. रेनी निकेलमध्ये पृष्ठभाग उघडा असतो, आणि त्यातले कितीतरी अणू कडेला, कोपऱ्यावर, अर्धवट शेजार असलेले असतात. हायड्रोजनचा रेणू अशा जागी बसला की दोन अणूंत फुटतो. मग तुझा नायट्रो गट येऊन टेकतो आणि ते अणू एकेक करून उचलतो. आता त्याच उघड्या जागी हायड्रोजनऐवजी हवेतला ऑक्सिजन येऊन बसला तर? काम करण्याची ताकद आणि पेटण्याची ताकद एकाच गोष्टीतून येते. एक ठेवून दुसरी काढता येत नाही. मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो, कारण हे कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

हा सांगाडा बनतो कसा तेही पाहून ठेव. निकेल आणि ॲल्युमिनियम निम्मे-निम्मे वितळवून मिश्रधातू करतात, दळतात आणि पूड कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात थोडी थोडी सोडतात. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, निकेल मागे राहतं, आणि जिथून ॲल्युमिनियम गेलं तिथे पोकळ्या राहतात. एक किलो मिश्रधातूतलं सगळं ॲल्युमिनियम विरघळलं तर ६०० लिटरच्या वर हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून घाई केली की भांडं फेसाने उतू जातं. नंतर गाळ पाण्याने धूत राहायचं, लिटमस बदलायचा थांबेपर्यंत. ही धुलाई तुझ्यासाठी महत्त्वाची आहे. कॉस्टिक मागे राहिला तर नायट्रोच्या रिडक्शनमध्ये (नायट्रोचं अमाइन होताना) मधले तुकडे एकमेकांना जोडले जाऊन ॲझोक्सी, ॲझो असले रंगीत पदार्थ होतात. बॅच नारिंगी दिसली की आम्ही आधी कॅटॅलिस्टच्या धुण्याचा पीएच तपासायचो. तू बाजारातून तयार निकेल घेतलंस तरी वरचं पाणी लिटमसला लावून बघ.

क्लोरीनचं म्हणशील तर निकेल पॅलॅडियमपेक्षा बरंच सौम्य वागतं, पण हमी नाही. तापमान ४०-५० अंशांच्या वर नेऊ नकोस, आणि हायड्रोजन मोजून दे. एका नायट्रो गटाला तीन मोल हायड्रोजन लागतो. तुझ्या पदार्थाच्या १० ग्रॅमला, खोलीच्या तापमानाला, साधारण साडेचार-पावणेपाच लिटर. तेवढा गेला की शोषण मंदावलं पाहिजे. त्यापुढेही रेटा चालू राहिला तर समज, क्लोरीन निघायला लागला, तिथेच थांबव. पण अर्ध्यात थांबवू नकोस. नायट्रो आणि अमाइनच्या मध्ये हायड्रॉक्सिलअमाइन असतं, ते साचलं आणि तापलं तर स्फोटाच्या वाटेने जातं. या रिडक्शनमध्ये मोलमागे साधारण १३० किलोकॅलरी उष्णता सुटते, बर्फगार १.३ लिटर पाण्याला उकळी फुटेल इतकी. म्हणून नायट्रो पातळ द्रावणात घे, पहिल्या वेळी ग्रॅम-दोन ग्रॅमच कर, आणि बाहेर थंड पाण्याचं बाथ तयार ठेव. पॅरा-क्लोरोॲनिलीन कातडीतून रक्तात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी करतं. ओठ-नखं निळसर दिसली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. साधे पातळ हातमोजे मिथेनॉलने ओले झाले की बदलायचे.

तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून मात्र मी थांबलो. फ्लास्कमध्ये मिथेनॉल घेऊन तू वरून पॅलॅडियम-कार्बन टाकतेस. हे आजपासून बंद. फ्लास्कच्या तोंडाशी मिथेनॉलची वाफ आणि हवा असते, आणि कोरडं पॅलॅडियम-कार्बन त्यातून खाली पडताना ती पेटवू शकतं. आजवर झालं नाही याचा अर्थ होणार नाही असा नाही. फ्लास्क रिकामा घे, नायट्रोजन भर, आधी कॅटॅलिस्ट टाक, थोड्या थंड पाण्याने तो पूर्ण भिजव, आणि मग नायट्रोजन चालू ठेवून मिथेनॉल हळूहळू बाजूने सोड. शक्य असेल तर ५० टक्के पाणी असलेलाच माल मागवा, जवळजवळ सगळे पुरवठादार तो देतात. मग व्हॅक्यूम आणि नायट्रोजन तीनदा, त्यानंतरच हायड्रोजन. संपल्यावर उलट: हायड्रोजन सोडून दे, तीनदा नायट्रोजन, मगच फ्लास्क उघड. हवेत ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही हायड्रोजन असला तरी मिश्रण पेटतं, आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही.

आता गाळणी. इथे मला जास्त सांगायचंय, कारण माझ्या पाहण्यातल्या जवळपास सगळ्या आगी गाळताना किंवा गाळल्यानंतर लागल्या. हायड्रोजन भरताना सगळे सावध असतात, प्रेशर गेजवर चार डोळे असतात. बॅच उतरली की माणूस सैल होतो, आणि नेमका तेव्हाच कॅटॅलिस्ट हायड्रोजनने भरलेला असतो, बाटलीतून आला त्याहून जास्त पेटता.

मे महिन्यातली दुपारची शिफ्ट होती. फिल्टर उघडून एका नवीन हेल्परने कापड काढलं आणि पाण्याच्या ड्रममध्ये टाकण्याऐवजी धुवायला सोपं जाईल म्हणून रेलिंगवर पसरलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कोकणातलं ऊन, मिथेनॉलने ओलं कापड, वारा. काही मिनिटांत मिथेनॉल उडालं आणि कापडाच्या कडा लाल ठिपक्यांनी भरल्या, विझलेल्या चुलीवर फुंकर मारल्यावर राखेतून निखारा वर येतो तसे. आवाज नाही, धूर नाही. मग उरलेल्या मिथेनॉलने पेट घेतला. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी, उन्हात दिसत नाही. आम्हाला दिसलं ते फक्त कापड आखडत जाणं आणि त्यावरची हवा थरथरणं. शिफ्टमधल्या जुन्या ऑपरेटरने वाळूची बादली ओतली आणि शेजारचा मिथेनॉलचा ड्रम दोघांनी गडगडत लांब नेला. कोणाला इजा झाली नाही. त्यानंतर आमच्याकडे फिल्टर उघडण्याआधी पाण्याचा भरलेला ड्रम शेजारी आणून ठेवल्याशिवाय बोल्टला पाना लागायचा नाही.

तुझ्या टेबलावर याचा अर्थ काय ते सांगतो. सेलाइटचा (गाळायला वापरतात त्या बारीक मातीसारख्या पुडीचा) थर घाल, सॉल्व्हंटने ओला कर. गाळताना थर उघडा पडू देऊ नकोस, द्रावण संपत आलं की लगेच पुढचं सॉल्व्हंट ओत. पंप लावून "चांगलं कोरडं" खेचायची सवय या कामापुरती विसर. शेवटी पाण्याने धू आणि पंप बंद करून, ओलाच थर कागदासकट पाण्याच्या बाटलीत टाक. ती बाटली वेगळी, झाकण सैल, लेबल लावलेलं. कचऱ्याच्या डब्यात टिश्यूबरोबर टाकायचं नाही, पॅलॅडियमचंही नाही. ढवळणीचा चुंबक, चमचा, फनेलची कड, सगळं पाण्याने धुऊन मग बाजूला ठेव. हाताशी कोरडी वाळू असू दे. फनेलमध्ये लालसर दिसलं तर पंप बंद, वरून काचेची थाळी झाक, हवा तोड. वर सॉल्व्हंट ओतायचं नाही.

प्लँटवर आम्ही रेनी निकेल दर बॅचला गाळायचोच नाही. ढवळणं बंद करून ते तळाशी बसू द्यायचं, वरचं द्रावण डिप पाइपने काढून घ्यायचं, आणि त्याच निकेलवर पुढची बॅच चढवायची. जड असल्यामुळे ते छान बसतं. तुलाही दोन-तीन रिॲक्शन पाठोपाठ करायच्या असतील तर हे जमेल, तितक्या वेळा गाळणी वाचेल.

मेघनाताईंचा लोखंडाचा सल्ला मात्र मला पटला. कारखान्यात लोखंडाने रिडक्शन केलं की काळ्या गाळाचे डोंगर होतात आणि तो टाकायला जागा नसते, त्यासाठीच तर हायड्रोजनेशन आलं. पण तुझ्या दोन-पाच ग्रॅमला हा मुद्दा लागू नाही. पुढच्या पायऱ्यांसाठी माल आधी लोखंडाने करून घे, म्हणजे प्रोजेक्ट अडणार नाही. रेनी निकेल गाइडबरोबर उभं राहून, शिकण्यासाठी कर. एकटीने, संध्याकाळी, प्रयोगशाळा रिकामी असताना अजिबात नाही.

नाना_मास्तर

लोटेकरांनी हाताचं सांगितलं, मी थोडं फळ्यावरचं सांगतो. हा सगळा प्रकार जिथून सुरू झाला ते विद्यार्थ्यांना माहीत असावं असं मला फार वाटतं.

१८९० मध्ये रसायनशास्त्रज्ञ लुडविग माँड यांच्या प्रयोगशाळेत बारीक निकेलवरून कार्बन मोनॉक्साइड जाऊ दिला तेव्हा धातू चक्क वायूरूप संयुग होऊन उडाला, निकेल कार्बोनिल. फ्रान्समध्ये तूलूझला पॉल साबातिए यांनी विचार केला, की निकेल जर कार्बन मोनॉक्साइडला असं धरून ठेवत असेल तर इतर असंपृक्त वायूंनाही धरेल. ते आणि त्यांचे सहकारी ज्याँ-बाप्तिस्त सांदरां १८९७ मध्ये इथिलीन आणि हायड्रोजन ताज्या बारीक निकेलवरून नेत होते. बाहेर इथेन आला. पुढे बेन्झीनपासून सायक्लोहेक्झेन. १९१२ चं नोबेल साबातिए आणि ग्रिन्यार यांना विभागून मिळालं, आणि साबातिए यांच्या मानपत्रात बारीक विभागलेल्या धातूंच्या सान्निध्यात सेंद्रिय संयुगांचं हायड्रोजनेशन करण्याची पद्धत, असाच उल्लेख आहे.

ऋजुता, तुझ्या पट्टीच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. साबातिए निकेल ऑक्साइडवरून हायड्रोजन नेऊन, माफक तापमानाला, निकेल तयार करत. तेच फार तापवलं तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम मंदावतं. धातू तोच, वजन तेच. शिवाय त्यांचं म्हणणं होतं की निकेल नुसती जागा देत नाही, पृष्ठभागावर क्षणभर टिकणारं संयुग बनतं आणि मोडतं. तेव्हा अनेकांना हे पटत नव्हतं. आज आपण वेगळ्या भाषेत जवळपास तेच शिकवतो.

मरे रेनी यांची गोष्ट निराळी. ते यांत्रिकी अभियंते, केंटकीचे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा इथे सरकीचं तेल घट्ट करण्याच्या उद्योगात काम करत. त्यांनी आधी निकेल-सिलिकॉनचा मिश्रधातू कॉस्टिकने धुतला, पेटंट १९२५ चं. तो तेव्हाच्या कॅटॅलिस्टपेक्षा पाचपट तेज निघाला. १९२७ च्या पेटंटात सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आलं. लोटेकर म्हणतात तो निम्मा-निम्मा मिश्रधातू तिथलाच. शंभर वर्षं होत आली तरी प्रमाणात फारसा फरक करावा लागलेला नाही, याचं मला दर वर्षी शिकवताना नवल वाटतं.

शिवडी_नाका

तेलाचा विषय निघाला म्हणून. माझे वडील मुंबईत वनस्पती तुपाच्या कारखान्यात कामाला होते. तिथेही निकेलच, पण ते पाण्याखाली नाही, घट्ट चरबीत बुडवलेलं असायचं. मेणासारख्या काळ्या-राखाडी चकत्या. चरबीच्या आवरणामुळे हवा लागत नाही, त्यामुळे कामगार त्या पोत्यातून सरळ ओतायचे. गरम तेलात चरबी वितळली की निकेल मोकळं.

लहानपणी आमच्या घरात पिवळ्या डब्यातलं डालडा असायचंच. आता ट्रान्स फॅटमुळे तो प्रकार बदलला. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात २ टक्क्यांची मर्यादा आहे. हे ट्रान्स फॅट निकेलवरच तयार होतं का, कोणी सांगेल का?

नाना_मास्तर

हो, निकेलवरच. तेलातला दुहेरी बंध निकेलवर टेकतो, एक हायड्रोजन चिकटतो, दुसरा मिळायच्या आत पहिला पुन्हा निसटतो. मधल्या वेळात तो बंध एकेरी असतो म्हणून मोकळा फिरतो, आणि परत दुहेरी होताना बाजू बदलून सिसचा ट्रान्स होतो. हायड्रोजन कमी आणि तापमान जास्त असेल तर हे अधिक होतं. तेल पूर्ण संपृक्त केलं तर ट्रान्स राहत नाही, पण मग ते इतकं कडक होतं की खायच्या कामाचं नसतं.

ऋजुता_एमएस्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटलीचं आजच विभागप्रमुखांना लेखी दिलं, कपाटाला सूचना चिकटवली आहे. सीनियरलाही हा धागा वाचायला दिला. लोखंडाची रिॲक्शन उद्या लावते.

लोटेकर काका, दोन शंका उरल्या. फुग्यात हायड्रोजन किती गेला ते मोजायचं कसं? आणि शोषण मध्येच थांबलं, नायट्रो शिल्लक असतानाच, तर काय समजायचं?

लोटेकर

ऋजुता, फुग्यात मोजता येत नाही, आणि फुग्याच्या रबरातून हायड्रोजन निसटतही राहतो. तुमच्या फिजिकल केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गॅस ब्युरेट असेल, बाजूला पाण्याची वर-खाली करता येणारी नळी असते ते. ते हायड्रोजनने भरून फ्लास्कला जोड. वाचन घेताना दोन्हीकडच्या पाण्याची पातळी सारखी करायची, तरच आकडा खरा. एक ग्रॅम पदार्थ घेतलास तर साधारण ४६०-४७० मिलिलिटर जायला हवा, ५०० मिलिलिटरचं ब्युरेट असेल तर एका भरणीत भागेल. नसेल तर दोनदा भर. दर पाच मिनिटांनी आकडा लिहून आलेख काढ. कॅटॅलिस्ट नीट असेल तर शोषण आधी जवळजवळ सरळ रेषेत जातं आणि शेवटी वळतं, ते वळण म्हणजे तुझी खूण.

मध्येच थांबलं तर आधी ढवळणं बघ. निकेल जड असतं, चुंबक छोटा असला तर ते तळाशीच पडून राहतं, शिवाय चुंबकाला चिकटतं. आमच्याकडे पंखा असलेली ढवळणी असायची, तुमच्याकडेही वरून फिरवणारी मोटर असेल तर ती वापर. ढवळणं ठीक असेल तर कॅटॅलिस्टला विष बाधलंय. गंधक सर्वांत वाईट. बेन्झीन-टोल्यूइनमधलं थोडंसं थायोफीनही पुरतं. शिसं, पारा, कार्बन मोनॉक्साइडही तसेच. अशा वेळी वरून आणखी निकेल ओतायला फ्लास्क उघडू नकोस. गरम तर मुळीच करू नकोस, आत हायड्रॉक्सिलअमाइन असेल. थंड कर, नायट्रोजन तीनदा, ओलं गाळ, द्रावण न आटवता गाइडना दाखव, आणि सुरुवातीचा पदार्थ एकदा शुद्ध इथेनॉलमधून पुन्हा स्फटिकीकरण करून नवीन निकेलवर घे. बहुतेक वेळा विष तिथूनच आलेलं असतं.